चार इंचांचं अधिकारपत्र

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना अजून पटलेली नाही. ती सीट माझ्यासाठी नव्हती. माझे गुडघे ठणठणीत आहेत, माझं पोट वेळच्या वेळी साफ होतं, आणि ही माहिती मला चारचौघांत जाहीर करावी लागते आहे यावरूनच त्या पाच दिवसांत माझं काय झालं असेल याची कल्पना करा.

सीट आईसाठी होती. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उत्तम झालं, आणि तिला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मंगळवारी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. शनिवारी दुपारी बाराला आईला घरी सोडणार, तोवर घरात चार गोष्टी करून ठेवायच्या. घसरणारी पायपुसणी उचलायची. पलंग भिंतीपासून दूर घ्यायचा. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा. आणि चौथी: कमोडवर चार इंच उंचीची जादा सीट, म्हणजे बसता-उठताना गुडघा फार वाकवावा लागत नाही.

पहिली तीन कामं मी एका संध्याकाळी उरकली. दांडा किंचित तिरका बसला, पण तिरका दांडा हाताला जास्त चांगला येतो असं मी बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं हा एक वेगळाच विषय आहे, तो राहू दे.

चौथ्यापाशी मात्र माझं घोडं अडलं. आमच्या चौकात आजारपणाच्या सामानाचं मोठं दुकान आहे. मोठं म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेसमोर बसथांबा. तिथे उभं राहणाऱ्या माणसाला बस येईपर्यंत त्या दुकानात कोण काय घेतंय हे बघण्यापलीकडे उद्योग नसतो. आणि मी कुणी ऐरागैरा नाही. मी वजनमाप तपासणी कार्यालयात हेडक्लार्क आहे. या भागातल्या प्रत्येक तराजूवर जे पिवळं लेबल असतं, त्यावर सही माझी असते. मला पाहिलं की भाजीवाल्याचं बोट आपोआप काट्यावरून उचललं जातं. अशा माणसाने त्या काचेआड उभं राहून, दोन्ही हातांनी हवेत गोल काढत, “एवढी हवी” म्हणून दाखवायचं? छे.

हे मी आमच्या साडूंपाशी बोललो. तिथेच चुकलं.

“अहो, दुकानात जातं कोण आता?” साडू म्हणाले. साडू शिलाई मशिनं विकतात, पण मत सगळ्या मशिनांबद्दल देतात. “एजंट नेमा. फोनमधला. परवा माझ्या एजंटने मला न विचारता सहा टॉवेल आणले.”

“न विचारता?”

“विचारायचंच नसतं. अधिकार द्यायचा. काय घ्यायचं, कितीपर्यंत घ्यायचं आणि कधीपर्यंत घ्यायचं, एवढं बोलायचं. खाली आपल्या डिजिटल ओळखपत्राने सही ठोकायची. झालं अधिकारपत्र! मग तो दुकानं पालथी घालतो, घासाघीस करतो, पैसे भरतो, माल दारात. कुणाला तोंड दाखवायला नको.”

त्या शेवटच्या वाक्यावर मी भाळलो. कुणाला तोंड दाखवायला नको! पुढचे चार दिवस मी फक्त तोंड दाखवत होतो.

बुधवारी सकाळी, बायको अंघोळीला गेलेली बघून मी बाल्कनीत गेलो आणि फोनमध्ये खालच्या आवाजात सांगितलं, “कमोडची सीट. चार इंच उंच.”

फोन खणखणीत आवाजात म्हणाला, “आदरणीय आदेशकर्ते! आपल्याला हवी आहे, कमोडवर बसवण्याची, चार इंच उंच सीट. बरोबर?”

“हळू!”

“नोंद केली. हळू बंद होणारं झाकण असलेली, कमोडवर बसवण्याची, चार इंच उंच सीट.”

“अरे, झाकण नको!”

“हळू बंद होणारं घेऊच नका,” वरून आवाज आला. मी मान वर केली. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीतून चीफसाहेब वाकून बघत होते. त्यांनी तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत आणि आता काही बिघडलेलं दिसेना म्हणून ते उदास असतात. “झाकणाची स्प्रिंग सहा महिन्यांत जाते. मी येतो, तुमचं भांडं मोजून घेतो.”

“कमोड आमचा ठीक आहे चीफसाहेब.”

“मग बिघडलंय काय?” त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणला. “अच्छा.”

तो ‘अच्छा’ मला तेव्हाच खटकला होता.

मग आली सही. फोन म्हणाला, ओळख पटवण्यासाठी चेहरा चौकटीत धरा. धरला. डोळे मिटा. मिटले. डावीकडे वळा. वळलो. स्मित करा.

आता मी सरकारी नोकरीत सव्वीस वर्षं काढली आहेत. स्मित करायचं माझं वळणच नाही. तरी केलं. फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. कसा जुळेल? ओळखपत्रावरचा फोटो अकरा वर्षांपूर्वीचा. तेव्हा मला मिशी होती, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा होता आणि डोक्यावर केस म्हणता येतील असं काहीतरी होतं. दुसऱ्यांदा मी कपाटातला जुना चष्मा काढून लावला. फोन म्हणाला, चष्मा काढा. तिसऱ्यांदा मी वरच्या ओठावर बोट आडवं धरलं. तेवढ्यात बायको केस पुसत बाहेर आली, तिने ओठावर बोट धरून फोनकडे बघून हसणारा नवरा पाहिला, आणि ती केस पुसत तशीच परत आत गेली.

“चेहरा जुळला नाही,” फोन म्हणाला. “आपल्याला मर्यादित ओळखीचा दर्जा देण्यात येत आहे.”

म्हणजे काय ते साडूंनी फोनवर समजावलं. माझा एजंट आता बाजारात हिंडू शकत होता, माल शोधू शकत होता, एखाद्या दुकानात माझ्यासाठी अडवूनही ठेवू शकत होता. पण पैसे भरायचे आणि माल हातात घ्यायचा, तर आधी मी मीच आहे हे सिद्ध व्हायला हवं होतं. माझ्या सहीने नेमलेल्या एजंटवर जगाचा विश्वास होता. सही करणाऱ्यावर नव्हता.

“अहो, सोपं आहे,” साडू म्हणाले. “दोन ओळखीचे साक्षीदार द्या. ते हो म्हणाले की संपलं.”

मी चीफसाहेबांचं नाव दिलं, आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. शेजारी आहेत, सुशिक्षित आहेत, ‘हो’ या बटणावर बोट ठेवायला कितीसा वेळ लागतो? मला कुणी सांगितलं नव्हतं की साक्षीदाराला नुसता माझा फोटो जात नाही, अख्खं अधिकारपत्र जातं. म्हणजे दोघांच्याही फोनवर ठळक अक्षरांत आलं की सदर इसम कमोडची उंच सीट खरेदी करू इच्छितो, तरी आपण सदर इसमास ओळखता काय?

डॉक्टरीणबाईंनी जिन्यातच गाठलं. “कधीपासून होतंय?”

“मला नाही हो. आईसाठी आहे.”

“हो, हो.” त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. दुखऱ्या दाताच्या माणसाशी बोलतात तसा आवाज. “माझ्याकडेही पेशंट येतात. सगळे आधी दुसऱ्याचंच सांगतात.”

पण त्यांनी ‘हो’ तरी दाबलं. चीफसाहेब पडले शिस्तीचे. प्रश्नावलीत एक रकाना होता: आपण सदर इसमास कितपत ओळखता? चीफसाहेबांनी प्रामाणिकपणे लिहिलं, “जिन्यात भेटतात. बोलतात थोडं. ओळखतो असं छातीठोक म्हणता येणार नाही.”

“अहो, बारा वर्षं तुमच्या खाली राहतोय मी!” मी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो.

“राहता ना. पण माणूस म्हणून तुम्ही कसे, हे मला काय ठाऊक? लिहून द्यायचं म्हणजे जबाबदारी असते. तुम्ही तराजूवर सही करता, ती उगाच करता का?”

सही मीही उगाच करत नाही. तेच जास्त लागलं.

साक्ष फिसकटली तेव्हा त्या यंत्रणेने, माझ्यावर उपकार म्हणून, पुढचा दरवाजा स्वतःच ठोठावला. माझ्या कामाच्या ठिकाणी विचारणा गेली. अधिकारपत्रासकट. गुरुवारी सकाळी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं, खुर्चीकडे हात केला आणि विचारलं, “बसता येतंय ना?”

“साहेब, गैरसमज होतोय.”

“लाजू नका. माझ्या मेव्हण्यालाही होतं. कोमट पाण्यात बसायचं, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा.”

“साहेब, ती सीट माझ्या आईसाठी आहे. गुडघ्यासाठी.”

“अर्थात, अर्थात,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी सहानुभूतीने खिडकीबाहेर पाहिलं.

“मग मी मीच आहे असं तेवढं कळवता का?”

“कळवलं असतं हो. पण तुमच्या सेवापुस्तकातल्या नावात वडिलांचं नाव पूर्ण आहे आणि इथे नुसतं आद्याक्षर आलंय. अशा प्रकरणात आपण काय करतो, तुम्हीच सांगा.”

आपण परत पाठवतो. हा नियम कार्यालयात मीच काढला होता, एकोणीस वर्षांपूर्वी, आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं होतं. मी जागेवर परत आलो. माझ्या खुर्चीवर मधोमध भोक असलेली एक गोल गादी ठेवलेली होती. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही. सगळं खातं कागदांत डोकं घालून बसलं होतं, जे एरवी कधीही घडत नाही.

अर्धी रजा टाकून मी ओळखपत्रांच्या सुविधा केंद्रात गेलो. दीड तासाने नंबर लागला. काउंटरवरच्या बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला.

“हे तुम्ही नाही.”

“अकरा वर्षांपूर्वी होतो.”

“मग फोटो बदलून घ्या. सात दिवस लागतील.”

“माझ्याकडे दोन आहेत. आजच बदला ना, मी समोर उभा आहे.”

“बदलू. पण त्याआधी जुना फोटो तुमचाच होता हे पटायला हवं. नाहीतर उद्या कुणीही येईल आणि कुणाच्याही ओळखपत्रावर आपला फोटो लावून जाईल.”

“ते कसं पटवायचं?”

“चेहरा जुळवून.”

“जुळत नाही म्हणून तर मी इथे आलोय!”

बाईंनी पेन खाली ठेवलं. चांगल्या बाई होत्या, तसं मी आजही म्हणतो. त्यांनी पुढे वाकून अगदी मनापासून सल्ला दिला. “एक सांगू? मिशी वाढवून या.”

माझ्या मागे रांगेत तेवीस माणसं होती. त्यांतले तीनजण मोठ्याने हसले आणि बाकीचे मनातल्या मनात.

शुक्रवारी आणखी एक भानगड उपटली. एजंटला आता वापरणारीचं वजन हवं होतं आणि तिची संमती. सीट किती किलो पेलेल हे ठरवायला. मी हॉस्पिटलमध्ये आईच्या उशाशी फोन धरला.

“आदरणीय वापरकर्ती,” फोन म्हणाला.

“वापरकर्ती कोण?” आईने माझ्याकडे पाहिलं. आई एका कारखान्याच्या भांडारात सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होती. तिच्या सहीशिवाय तिथून खिळासुद्धा बाहेर गेला नाही. तिला कुणी वापरकर्ती म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

“कृपया आपलं वजन सांगा.”

“हा कोण विचारणारा?”

“आई, माझा एजंट आहे. तुझ्यासाठी ती सीट घेतोय.”

“चार दिवसांपासून? एक सीट?”

मी सगळं सांगितलं. सुरुवात थोडक्यात केली होती, पण चीफसाहेबांपाशी आल्यावर माझा आवाज चढला आणि शेजारच्या पलंगावरच्या आजीबाईही उठून बसल्या. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. तिने चादर सारखी केली.

“इथे मला दोघीजणी धरून नेतात,” ती म्हणाली. “एक खांद्याला, एक कमरेला. दार उघडं ठेवतात, पडले तर म्हणून. चांगल्या मुली आहेत, त्यांचं काही चुकत नाही. पण घरी मला तुम्हा दोघांपैकी कुणी आत नको. मला एकटीला बसता आलं पाहिजे, एकटीला उठता आलं पाहिजे. दार लावून. नसेल जमत तर मी आणखी आठ दिवस इथेच राहते.”

मग तिने वजन सांगितलं. फोनला, मला नाही. मला बाहेर जायला लावलं.

व्हरांड्यात उभा असताना माझ्या लक्षात आलं की चार दिवस मी माझी अब्रू सांभाळत बसलो होतो, आणि ज्या अब्रूसाठी ती सीट हवी होती तिचा विचारही केला नव्हता. हे इथे लिहितो आहे, साडूंना मात्र सांगितलेलं नाही.

शनिवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. “आदरणीय आदेशकर्ते, अभिनंदन! आपली सीट मिळाली आहे. शेवटचा नग. आपल्यासाठी सात दिवस राखून ठेवला आहे.” आणि खाली दुकानाचा पत्ता.

चौकातलं दुकान. काचेचं. बसथांब्यासमोरचं.

बायको आईला आणायला टॅक्सीने हॉस्पिटलकडे निघाली आणि मी दुकानाकडे. मनाशी ठरवलं होतं, बघू देत कुणाला बघायचं ते. आत शिरलो. सीट काउंटरवरच होती. पांढरीशुभ्र, दणकट, दोन्ही बाजूंना टेकू. चार इंच म्हणजे चार इंच. अशा बाबतीत माझी नजर चुकत नाही.

“ही द्या,” मी खिशातून पैसे काढत म्हणालो. हवेत हात न फिरवता.

“ही बुक आहे साहेब,” दुकानदार म्हणाला.

“माझ्यासाठीच आहे. माझ्या एजंटने केलीय.”

“वा! मग ओळख दाखवा.” त्याने एक छोटा कॅमेरा माझ्यापुढे केला. कॅमेऱ्याने मला पाहिलं आणि लाल दिवा लावला. “चेहरा जुळत नाही.”

“ठाऊक आहे. ते बुकिंग रद्द समजा आणि ही मला रोखीने विका.”

“कसं विकू? दुसऱ्याच्या नावावर अडवलेला माल आहे.”

“दुसऱ्याच्या नाही, माझ्याच नावावर!”

“मग ओळख दाखवा.”

मी इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात माणसांचं वजन करायचा काटा होता, त्यावर पिवळं लेबल. मी त्याला हाताला धरून तिथे नेलं, खिशातलं पेन काढून एका जुन्या पावतीवर सही केली आणि दोन्ही सह्या त्याच्यासमोर धरल्या. “बघा. ही सही माझी की नाही?”

त्याने नीट पाहिलं. चष्मा वर करून पाहिलं. “जुळते,” तो म्हणाला. “सही अगदी तंतोतंत जुळते साहेब. चेहरा जुळत नाही.”

“दुसरी सीट?”

“चार दिवसांनी येईल.”

दहा वाजून गेले होते. बाराला आई निघणार होती. आणि त्या क्षणी माझ्यात काय संचारलं ते मला आजही सांगता येत नाही. सव्वीस वर्षं मी कुणाच्या वाटेत आडवा आलो नाही. जे आले ते कागद घेऊन आले आणि परत गेले. मी ती सीट काउंटरवरून उचलली, बाजूला नमुन्यादाखल एक कमोड मांडलेला होता त्यावर ठेवली, आणि बसलो.

“अहो!” दुकानदार ओरडला.

“मी उठणार नाही. बोलवा कुणाला बोलवायचं ते. आले की त्यांनाच विचारीन, मी कोण ते.”

नमुन्याचा कमोड कुठे मांडलेला असतो हे मी बसायच्या आधी बघायला हवं होतं. तो दर्शनी काचेला लागून होता. मी मान वर केली तेव्हा बसथांब्यावरची अकरा माणसं आणि माझ्यात एक काच आणि तीन हातांचं अंतर होतं. बस आली. कुणीही चढलं नाही.

मी सोबत आणलेलं वर्तमानपत्र उघडून धरलं. त्याने दृश्य सुधारलं असं म्हणता येणार नाही.

साडेदहाला आमच्या कार्यालयातला शिपाई सायकलवरून गेला, तोल सावरून परत आला, आणि काचेतून मला नमस्कार करून गेला. अकराला डॉक्टरीणबाई आत आल्या, म्हणाल्या, “बसून बघताय ते बरं केलंत,” आणि कापसाचा गठ्ठा घेऊन गेल्या. सव्वाअकराला चीफसाहेब आले. त्यांनी खाली बसून सीटच्या पकडी तपासल्या. मी वर असतानाच.

“डावीकडची पकड सैल आहे,” ते म्हणाले. “जरा उचला.”

“मी आंदोलन करतोय चीफसाहेब.”

“करा की. अर्धा इंच उचला फक्त.”

अर्धा इंच वर झालो. त्यांनी ती पकड आवळून दिली आणि दुकानदाराला सांगितलं, “हे आमच्या खाली राहतात. मी यांना ओळखतो.”

“अहो, मग हेच बुधवारी लिहायचं होतं!” मी ओरडलो.

“बुधवारी हे रूप कुठे पाहिलं होतं तुमचं?” चीफसाहेब म्हणाले, आणि बहुधा आदराने म्हणाले.

दुकानदार तोवर मवाळ झाला होता. त्याने मला पाणीसुद्धा दिलं. पण यंत्रातलं बुकिंग काढल्याशिवाय त्याला विक्री करता येईना, आणि बुकिंग काढायला माझा चेहरा लागत होता.

पाऊण वाजता टॅक्सी चौकात आली. बायकोने काचेत मला पाहिलं आणि टॅक्सी थांबवली. बायकोच्या हाताचा आधार घेत, वॉकर एकेक पाऊल पुढे टेकवत आई आत आली. मी उठायला लागलो.

“बस,” आई म्हणाली. “केव्हापासून बसलायस?”

“दहापासून.” बुकिंगपासून लाल दिव्यापर्यंत सगळं मी तिला बसल्या बसल्या सांगितलं.

आई दुकानदाराकडे वळली. वेदनेने तिच्या कपाळावर घाम आला होता, पण आवाज भांडारातला होता. “भिंतीवर काय पाटी लावलीय तुम्ही? वाचा जरा.”

दुकानदाराने वाचली. “आरोग्याच्या कारणास्तव सीट, भांडी व तत्सम वस्तू एकदा वापरल्यावर परत घेतल्या किंवा पुन्हा विकल्या जाणार नाहीत.”

“मग ही वापरली गेली. पावणेतीन तास.”

“अहो आजी, हे नुसते बसलेत!”

“सीटचा दुसरा काय वापर असतो?”

दुकानदाराने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा सीटकडे. बायको कापसाच्या गठ्ठ्यांकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

“आता ही वापरलेली वस्तू तुम्ही त्या बुकिंगवाल्या गृहस्थाला नवी म्हणून देणार?” आईने विचारलं.

“पण ते गृहस्थ हेच ना?”

“सकाळपासून तुम्हीच सांगताय, हे ते नव्हेत.”

चीफसाहेब पुटपुटले, “बिनतोड.”

“वापरात आलेला माल साठ्यातून कमी करायचा. साठ्यात माल नाही म्हटल्यावर त्यावरचं बुकिंग आपोआप पडतं. त्याला कुणाचा चेहरा लागत नाही. आणि ज्याने माल खराब केला त्याच्याकडून भरपाई घ्यायची.” तिने माझ्याकडे बोट केलं. “तो देईल. रोख.”

दुकानदार यंत्रावर बसला. टकटक केलं, वाचलं, पुन्हा टकटक केलं. लाल दिवा गेला आणि हिरवा लागला. मग त्याने संकोचून मान वर केली. “वस्तू कुणी वापरली, असं विचारतंय. नाव टाकावं लागेल.”

“आईचं टाका,” मी म्हणालो.

“मी अजून बसलेले नाही,” आई म्हणाली. “खरं असेल ते लिहा.”

अशा रीतीने त्या दुकानाच्या दप्तरात, वडिलांच्या पूर्ण नावासकट, सदर सीटचा वापरकर्ता म्हणून माझी कायमची नोंद आहे. ती नोंद करताना कुणीही माझा चेहरा जुळवून पाहिला नाही. ते नाव त्याने मी म्हटलं तसं लिहून घेतलं. याचा मी निषेध करतो.

एजंटचा फोन आम्ही टॅक्सीत असतानाच आला. राखून ठेवलेली वस्तू एका अज्ञात इसमाने वापरून टाकल्याबद्दल त्याला खेद होता.

घरी आल्यावर सीट मी तीनदा घासली, कारण दोनदा घासलेली आईला पटली नाही. बसवली. आई वॉकर टेकवत आत गेली आणि दार लागलं. आम्ही दोघं बाहेर श्वास रोखून उभे राहिलो.

“दाराशी कोण आहे?” आतून आवाज आला. “जा आपापल्या कामाला.”

आम्ही गेलो. म्हणजे चार पावलं गेलो. थोड्या वेळाने ती एकटी बाहेर आली, पदराला हात पुसले, आणि चहा ठेवायला सांगितला. त्या तिरक्या दांड्याबद्दल मात्र बोललीच. चहा पिता पिता म्हणाली, “आणि त्या दुकानदाराची माफी मागून ये.”

“मी? मी का?”

“पावणेतीन तास त्याचं गिऱ्हाईक अडवलंस.”

मी चार दिवस गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. पाचव्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी नवी चिठ्ठी दिली: अंघोळीला बसायचं स्टूल. साडू म्हणाले, एजंटला सांगा. मी साडूंकडे असं पाहिलं की त्यांनी विषय टॉवेलांवर नेला.

भर संध्याकाळी, बसथांबा गच्च भरलेला असताना, मी दुकानात गेलो. स्टूल समोरच होतं. किंमत बघायला मी जरा पुढे वाकलो.

“साहेब, बसू नका!” दुकानदार काउंटरवरून जवळजवळ उडी मारून बाहेर आला. “देतो! लगेच देतो! ओळख नको, काही नको!” आणि मी खिशातून पैसे काढेपर्यंत त्याने ते कागदात गुंडाळून, सुतळी बांधून, माझ्या हातात ठेवलंसुद्धा.

मी बसणार नव्हतो. हे मी तिथेही सांगितलं, आणि इथेही सांगतो.